पोट भरल्याचा निरोप

माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची असताना वाढायची थांबली. लक्षात आलं ते शाळेच्या गणवेशावरून. दर जूनमध्ये आई तिचा जुना गणवेश खालच्या मजल्यावरच्या मुलीला द्यायची आणि तिला नवा घ्यायची. त्या वर्षी जुनाच नीट बसला. आईला बरंच वाटलं. पुढच्या जूनमध्येही तोच बसला, तेव्हा आईने तिला पुढून-मागून फिरवून पाहिलं आणि पप्पांना म्हणाली की पोरगी आहे तेवढीच राहिलीय, कुठेतरी दाखवायला हवं.

आम्ही कांजूरमार्ग पूर्वेला राहायचो, पुनर्वसनाच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. एक खोली आणि एक स्वयंपाकघर. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास आत यायचा आणि आई धावत जाऊन खिडकी लावायची, कारण आमच्या घरात सकाळभर अन्न उघडं असायचं. आई डबे करायची. पवईच्या आणि विक्रोळीच्या ऑफिसांत तिचे चाळीसेक डबे जायचे. पप्पा वाशिमकडचे, एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. मी तेव्हा सोळाची होते, सकाळी आईबरोबर पोळ्या लाटून मग कॉलेजला पळायचे. धाकटी खाण्याच्या बाबतीत फार किरकिरी होती. अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायची. डबेवालीची पोर आणि अंगावर मांस नाही, असं शेजारच्या काकू आईला ऐकवायच्या.

तिचं डोकं दुखायचं. सकाळी उठली की उलटी व्हायची आणि मग ती बरी असायची, म्हणून आम्ही पित्त समजत राहिलो. मग ती बाजूच्या वस्तूंवर आदळायला लागली. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने तिला दोनदा तपासलं आणि सांगितलं की चष्म्याचं काम नाही हे, मोठ्या दवाखान्यात जा, उद्याच जा.

मेंदूच्या तळाशी गाठ होती. कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी ते पहिल्याच वाक्यात सांगितलं आणि पप्पांनी हात जोडले. दुसरं वाक्य असं होतं की गाठ साधी असली तरी जागा वाईट आहे. ते त्या वेळी आम्ही ऐकलंच नाही.

ऑपरेशन झालं. सात तास चाललं. नजर वाचली, गाठ जवळजवळ सगळी निघाली. आम्ही तिला घरी आणलं तेव्हा इमारतीतल्या बायका दारात उभ्या होत्या. ती दहा वर्षांची होती आणि सात वर्षांची दिसत होती. आईने विचारलं काय खाशील, तर म्हणाली, वरणभात. तिने वरणभात खाल्ला, मग परत मागितला, मग परत. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी जेवतेय, एवढंच तिला दिसत होतं. मलाही तेवढंच दिसत होतं.

दोन महिन्यांत तिचे गाल सुजल्यासारखे झाले. चार महिन्यांत तिला एकही फ्रॉक होईना, आणि उंची मात्र होती तेवढीच. ती कच्चं पीठ खायला लागली. मळलेल्या कणकेच्या गोळ्यातून लचके तोडायची. एकदा केराच्या डब्यातून काकूंनी टाकलेला शिळा पाव काढून खाताना आईने तिला पाहिलं. त्या दिवशी आईने तिला पहिल्यांदा मारलं.

आम्ही हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. मुलुंडला त्यांची ओपीडी असायची. पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ. आई एकदम बोलून गेली की हिला आवरता येत नाही, हिची जीभ बिघडलीय. डॉक्टरांनी कागद घेतला आणि चित्र काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी चिंचोक्याएवढी जागा आहे. तिथून छोटे छोटे निरोप खालच्या ग्रंथीला जातात. त्या निरोपांना पेप्टाइड म्हणतात. एक निरोप सांगतो, वाढीचं हॉर्मोन सोड. दुसरा सांगतो, आता थांब. पोट रिकामं झालं की पोटातूनही एक निरोप वर येतो, तो भूकही लावतो आणि वाढीचं हॉर्मोनही सोडायला लावतो. म्हणजे शरीराने वाढायचं कधी आणि खायचं कधी, हा कारभार शेजारी शेजारी बसून चालतो. काही निरोप तर दोन्हीकडचे. हिची गाठ नेमकी त्या जागेवर होती. ती काढताना तिथलं बरंच गेलं.

आईने विचारलं, मग आता तिथे काय आहे?

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "पोट भरलं हा निरोप खालून येतो, ताई. तो वाचायला तिथे आता कोणी नाही. तिची जीभ बिघडलेली नाही. तिला खरोखर भूक लागते. जेवून उठल्यावरसुद्धा."

वाढीच्या हॉर्मोनचं इंजेक्शन मिळणार होतं, वर्षभर थांबून, गाठ परत येत नाही हे बघून. इतर हॉर्मोनांच्या गोळ्या जन्मभर. त्यांतली एक गोळी फार महत्त्वाची, ती अंगात नसेल तर रक्तदाब पडून जीवावर बेततं, म्हणून एक दिवससुद्धा चुकवायची नाही. आणि उलटी झाली, ताप आला, तर गोळी पुरी पडणार नाही, तेव्हा लगेच मांडीत इंजेक्शन द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. ते त्यांनी तीनदा सांगितलं, मला द्यायला शिकवलं आणि एक कार्ड लिहून दिलं. आईने ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. भुकेवर औषध आहे का, असं पप्पांनी विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि म्हणाले की घरात अन्न दिसेल असं ठेवू नका.

आमच्या घरात चाळीस माणसांचा स्वयंपाक व्हायचा.

आईने स्वयंपाकघराला दार बसवून घेतलं आणि दाराला कडी-कुलूप. किल्ली तिच्या कमरेला. तरी डब्यांबद्दल तक्रारी यायला लागल्या. भाजी कमी, पोळीचा तुकडा तोडलेला. आई रोज मोजून भरायची. शेवटी तिने पहारा ठेवला तेव्हा कळलं. डबे भरून दाराशी रांगेत ठेवले की ते न्यायला माणूस येईपर्यंत पाच-सात मिनिटं जायची. तेवढ्यात धाकटी एकेक डबा उघडून प्रत्येकातून एकच घास घ्यायची आणि झाकण लावून ठेवायची. कुणाचंही जास्त कमी होऊ नये म्हणून. मी तिला विचारलं तेव्हा तिने हेच सांगितलं, अगदी समजूतदारपणे.

गिऱ्हाइकं तुटली, पण डबे त्याने बंद झाले नाहीत. ते आईने बंद केले. एक दिवस तिने मोठी पातेली काकूंना देऊन टाकली आणि घाटकोपरला एका कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला जायला लागली. जिच्या हातची वांग्याची भाजी खाऊन लोक पत्ता विचारत यायचे, ती दिवसभर शर्टांच्या शिलाईवरचे धागे कापायची. घरी तिघांच्या मापाचा स्वयंपाक व्हायचा. धाकटीचं वेगळं, वजन करून.

वाढीची इंजेक्शनं सुरू झाली. रोज संध्याकाळी मी तिच्या मांडीत द्यायचे. ती उंच व्हायला लागली, हळूहळू, आणि आम्हाला वाटलं की आता भूकही ताळ्यावर येईल. आली नाही. हॉर्मोन बाहेरून देता येत होतं, त्यामागचे निरोप देता येत नव्हते. पंधराव्या वर्षी ती माझ्या खांद्याला लागली आणि तिचं वजन पप्पांपेक्षा जास्त झालं. शाळेत मुली तिच्यासमोर बिस्किट धरून पळायच्या. दहावीनंतर ती पुढे शिकली नाही.

मी तिला एकदा विचारलं होतं की तुला नेमकं काय होतं गं. आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. तिने हातातली चादर झटकून दोरीवर टाकली.

"नाक दाबून धरल्यासारखं होतं ताई. तुम्ही म्हणता थोडा वेळ थांब. थोडा वेळ मी थांबते ना."

मी प्राणिशास्त्र घेतलं ते तिच्यामुळे, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. खरं म्हणजे मार्क तेवढेच होते. पण नोकरी लागली ती मात्र अशी की जणू कुणी तिच्यावरून शोधून दिली. पवईच्या पलीकडे एका संशोधन संस्थेत उंदरांच्या खोल्या होत्या, तिथे मी सहायक. पांढऱ्या उंदरांच्या कवटीत बारीक नळी बसवलेली असायची. प्रयोग करणाऱ्या मॅडम त्यातून थेंबभर द्रावण सोडायच्या. एका गटाला साधं मिठाचं पाणी, दुसऱ्याला वाढीचं हॉर्मोन सोडायला सांगणारं पेप्टाइड. मग मी ठरावीक वेळाने पिंजऱ्यातले खाण्याचे गोळे काढून वजन करायचे. खाली सांडलेला चुरासुद्धा वेचून मोजायचा.

पहिल्या आठवड्यातला एक उंदीर आठवतो. दिवसाची वेळ, उंदरांची झोपायची. खाऊन-पिऊन कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून पडला होता. मॅडमनी थेंब सोडला. थोड्या वेळाने तो उठला, सरळ गोळ्यांपाशी गेला आणि खायला लागला. पुढच्या दोन पायांत गोळा धरून, घाईघाईने. शेजारच्या पिंजऱ्यातले मिठाच्या पाण्याचे उंदीर झोपलेले. मी मॅडमना म्हटलं की याचं पोट तर भरलेलं आहे. त्या म्हणाल्या, पोटाला कोण विचारतंय. मग त्यांनी सांगितलं की हा निरोप ग्रंथीला वाढीचं सांगतो, पण मेंदूत दुसऱ्या जागी पोचला की खायला लावतो. आणि थांब म्हणणारा जो दुसरा आहे, तोसुद्धा अगदी थोडा दिला तर काही वेळा खायलाच लावतो. का, ते अजून नीट कळलेलं नाही. त्या सहज सांगून हात धुवायला गेल्या. मी पिंजऱ्यासमोर उभी राहिले. तो उंदीर थांबत नव्हता आणि त्याच्या तोंडावर माझ्या बहिणीची घाई होती.

त्या दिवशी घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. हिचा दोष नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच, पण आज मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणाले. आई पोळीला तूप लावत होती. तिने ऐकून घेतलं.

"मला कळतं गं ते," ती म्हणाली. "मी काय करू ते सांग."

कळून माझ्यातही फार फरक पडला असं नाही. त्याच वर्षी मला बघायला पाहुणे येणार होते. पप्पांनी आणलेली मिठाई मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवली होती. पाहुणे जिन्यात असताना मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर धाकटी कपाटासमोर बसलेली आणि खोका रिकामा. मी तिला थोबाडीत मारली. तिच्या तोंडात घास होता. तो गिळून ती म्हणाली, सॉरी ताई. उंदरांच्या पिंजऱ्यातला चुरा वेचून मोजणारी मी, तिचं मात्र तोंड दाबून तिला बाथरूममध्ये ढकललं. ते स्थळ जमलं नाही, पण त्याचं कारण मिठाई नव्हती.

आता त्या रविवारचं सांगते. धाकटी एकोणीस वर्षांची होती.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये एका बाळाचं बारसं होतं. पप्पा ड्युटीवर होते. आई म्हणाली धाकटीला नेऊ नये. मी म्हणाले, नेऊया, माणसांत कधी जायची ती, मी लक्ष ठेवते. मी लक्ष ठेवलंही, पण पंगतीत जुनी मैत्रीण भेटली आणि बोलण्यात वेळ गेला. पाहिलं तेव्हा धाकटी वाढप्यांच्या टेबलामागे होती. किती खाल्लं कुणास ठाऊक. पुऱ्या, श्रीखंड, मसालेभात. लोक बघत होते. एक बाई मोबाइल काढून हसत होती. मी तिला दंडाला धरून वर आणलं, सगळे चार मजले.

दोन वाजता तिला उलटी झाली. मोठी. आई फडकं घेऊन आली आणि कपाटाकडे पाहत म्हणाली की इंजेक्शन देऊया का.

मी म्हणाले, थांब. "एवढं खाल्लंय, निघू दे बाहेर. आजारी नाहीये ती."

मला राग आला होता. हे लिहायला सोपं नाही, पण तो राग होता. कार्ड मला पाठ होतं. त्यात खाऊन झालेली उलटी आणि आजारातली उलटी असा भेद नव्हता. तो मी त्या क्षणी केला, कारण त्या बाईचा मोबाइल माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. आईने ऐकलं, कारण घरात शिकलेली मी होते.

तिला पुन्हा दोनदा उलटी झाली. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली. पोट दुखतंय म्हणाली, मी म्हणाले दुखेलच. चारच्या सुमारास आई चहा ठेवायला उठली आणि तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार, घामाने चिकट. हाक मारली तर डोळे उघडले, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. मी इंजेक्शन काढलं आणि दिलं. शेजारच्या काका-काकूंनी आणि आम्ही दोघींनी मिळून तिला चादरीत घालून खाली उतरवलं. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मुलुंडच्या त्या दवाखान्यात त्यांनी सलाइन लावलं, आणखी इंजेक्शनं दिली. ड्युटीवरच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, भराभर लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, पहिली उलटी कधी झाली?

"साडेतीनला," मी म्हणाले.

आई माझ्या शेजारी उभी होती. डॉक्टरीण बाईंनी साडेतीन लिहिलं.

सहा वाजून गेल्यावर पप्पा पोचले. सात वाजायच्या आत धाकटी गेली. रक्तदाब वर आलाच नाही, असं त्यांनी सांगितलं. पप्पा कॉरिडॉरमध्ये खाली बसले. मी कागदांवर सह्या केल्या, कारण सह्या नेहमी मीच करायचे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आईने जेवण बाहेरून मागवलं. बुद्धवंदना झाली, भन्ते बोलले, माणसं जेवली. काकूंनी वाढायला आणलेली आपलीच जुनी पातेली पाहून आई आत निघून गेली. कुणीतरी मला म्हणालं की सुटली बिचारी, तुम्हीही सुटलात. त्या आठवड्यात स्वयंपाकघराचं दार उघडं टाकून झोपताना मला खरंच हलकं वाटलं होतं.

संस्थेत मी परत गेले. गोळे मोजत राहिले. मॅडमनी सुट्टी वाढवून घे म्हटलं, पण घरी बसणं जास्त कठीण होतं. असे सात-आठ महिने गेले. आईने मला एका शब्दाने विचारलं नाही. दोघींनी मिळून भाजी निवडायची, बातम्या बघायच्या, पप्पांचा डबा भरायचा. मग एका सुट्टीच्या दिवशी ती कपाट आवरत होती. कार्ड सोडवताना त्याचा चिकटपट्टीखालचा कोपरा फाटला. कार्ड हातात धरून, माझ्याकडे न बघता ती बोलली.

"दोन वाजता झाली होती."

मी म्हणाले, हो.

तिने कार्ड पुसून परत कपाटात ठेवलं. पण मला राहवेना, आणि त्याच आठवड्यात मी हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे गेले. आईला सांगितलं तेव्हा तीही निघाली. ओपीडीत गर्दी होती. आमचा नंबर आल्यावर मी बसले आणि खरी वेळ सांगितली, आईने विचारलं होतं तेही, मी नको म्हटलं तेही, रागाचंही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी विचारलं की दोनला दिलं असतं तर?

"तर बहुतेक वाचली असती," ते म्हणाले. "खोटं सांगून तुला बरं वाटणार नाही." मग म्हणाले की दरवेळी उलटीतून खाल्लेलं निघतंय असं वाटणारी घरं त्यांनी आणखीही पाहिली आहेत, आणि नऊ वर्षं अशा भुकेबरोबर राहणं काय असतं ते त्यांना ठाऊक आहे. हे त्यांनी माझं मन राखायला सांगितलं असेल. मला त्यातलं पहिलंच वाक्य लागलं आणि ते लागायलाच हवं होतं.

आम्ही उठलो. आई दारापर्यंत जाऊन परत वळली. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं ते सुचत नव्हतं. पदर हातात घेऊन ती उभी राहिली. बाहेर पुढच्या पेशंटला हाक मारत होते.

"डॉक्टर, शेवटी तिला भूक लागली असेल का?"

डॉक्टर नाही म्हणाले. त्या अवस्थेत शरीराला भूक उरत नाही. दुपारपासूनच नसणार.

आईने दोनदा मान हलवली, आभार मानले आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसली. मी तिच्या शेजारी बसले.